कोंबड्यांना वरचा खाऊ किती द्यावा? (आणि घरातल्यांना आवरावं कसं)

धायरीची_गौरी:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

धायरीत आमचं बैठं घर आहे, मागे अर्धा-पाऊण गुंठा मोकळी जागा. लॉकडाऊनमध्ये मुलाच्या हट्टापायी दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणल्या, त्याच्या आता सहा कोंबड्या झाल्यात (चार गावरान, दोन कावेरी जातीच्या). कोंबडा ठेवलेला नाही, कारण पहाटे साडेचारच्या आरवण्यावरून गल्लीत एक बैठक झाली होती, त्यावर स्वतंत्र धागा होईल. शेवंती म्हणून एक आहे ती खुडूक बसली तर ओळखीतून उबवायची अंडी आणून तिच्याखाली ठेवली, पाच पिल्लं निघाली, ती आज तीन आठवड्यांची आहेत आणि दिवसभर तिच्या पायात.

प्रश्न असा की गेले दोन-तीन आठवडे अंड्यांची कवचं इतकी पातळ यायला लागलीत की उचलताना बोट आत जातं. परवा तर कवचच नाही, नुसती पिशवी, भुश्यावर पडलेली, हाताला अजून कोमट लागत होती. लेअर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) तेच आहे, बदललेलं नाही. दुकानात विचारलं तर त्याने लिक्विड कॅल्शियम, लिव्हर टॉनिक आणि बी-कॉम्प्लेक्स अशा तीन बाटल्या हातात ठेवल्या, ७४० रुपये. कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्स चार दिवस पाण्यातून देतेय, फरक शून्य.

वरचं खाणं थोडंसंच असतं. सासूबाई सकाळी शिळी भाकरी कुस्करून टाकतात, उरलेला भात असला तर तो, बाकी भाजीचे देठ वगैरे. पिल्लंपण तेच टिपतात. तर खाऊ बंद करू का, की अजून काही सप्लिमेंट देऊ? आणि पिल्लांना वेगळं काही लागतं का?

खुराडं_नंबर_चार:
वरचं खाणं दहा टक्क्यांच्या वर नको. कोंबडी दिवसाला १००-१२० ग्रॅम खाते, म्हणजे एका कोंबडीमागे १० ग्रॅम. म्हणजे एक मोठा चमचा. बास.

उगाच_एक:
७४० रुपयांत तर दोन महिन्यांची अंडी आली असती. पॉपकॉर्न घेऊन बसलोय (कोंबड्यांना देणार नाही).

मुळशीचा_मामा:
मला हे सप्लिमेंटचं काही कळत नाही बुवा. आमच्या आजीकडे पंधरा-वीस कोंबड्या होत्या, सकाळी डालगं उचललं की चालत्या व्हायच्या, उकिरडा, गोठा, भाताचं खळं, संध्याकाळी आपल्या आपण परत. आजी फार तर मूठभर कणी टाकायची आणि तीही त्या परत याव्यात म्हणून, पोट भरावं म्हणून नाही. कधी टॉनिक बघितलं नाही आणि कवच कसं, तर फोडायला दगड लागायचा. आता लोक कोंबडीला ॲपल सायडर व्हिनेगर पाजतात. माणसांना मिळेना इथे.

अंडं_की_आधी:
मामा, आजीच्या कोंबड्या दिवसभर काय खायच्या ते पण सांगा की. वाळवी, मुंग्या, गांडुळं, शेणातले किडे, गवताचं बी, घराच्या पडक्या भिंतीचा चुना. बाहेर फिरून त्या आपला आहार आपण जुळवत होत्या. गौरीताईंच्या कोंबड्यांना पाऊण गुंठा आहे आणि तो त्यांनी पहिल्या महिन्यातच उकरून बोडका केला असणार. शिवाय आजीची गावरान वर्षाला ६०-८० अंडी द्यायची, कावेरी दीडशेच्या पुढे जाते. तेवढं कॅल्शियम आणायचं कुठून?

मुळशीचा_मामा:
चुन्याचा मुद्दा बरोबर आहे, भिंत टोचायच्या खऱ्या. बाकी माझं मत कायम.

पिरंगुटचा_डॉक्टर:
गौरीताई, मी पशुवैद्य आहे, पण इथे सल्ला देतो तो न तपासता देतो हे धरून चाला.

आधी साधा हिशोब. लेअर फीडमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. कोंबडीने ११० ग्रॅम खाल्लं की तिला साधारण ४ ग्रॅम मिळालं. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं आणि खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागतं, म्हणजे हिशोब जेमतेम जुळतो. आता तिने पोट भाकरी-भातावर भरलं आणि फीड ५०-६० ग्रॅमच खाल्लं तर? भाकरीत कॅल्शियम नाही म्हणण्यासारखं. मग ती हाडातलं काढते, ते संपत आलं की कवच पातळ. फीडची गोणी तुम्ही बदलली नाहीत, पण ती किती दिवस पुरतेय ते बघितलंत का? मागच्यापेक्षा जास्त दिवस पुरत असेल तर उत्तर तिथेच आहे.

दुसरं, थोडंसं म्हणजे किती ग्रॅम आणि घरात कोण कोण देतं? हा प्रश्न मी क्लिनिकमध्ये कुत्र्यांच्या बाबतीत रोज विचारतो. प्रत्येक जण म्हणतो थोडंसंच.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तीन आठवड्यांची पिल्लं लेअर फीड खात असतील तर ते आज बंद. पिल्लांना कॅल्शियम साधारण १ टक्का पुरे. त्याच्या तिप्पट-चौपट गेलं तर मूत्रपिंडं खराब होतात आणि ते बाहेरून दिसत नाही, पिल्लू नुसतं वाढत नाही आणि एक दिवस मरतं. त्यांना चिक स्टार्टर हवं, २० टक्क्यांच्या वर प्रोटीनचं, आठ आठवड्यांपर्यंत.

धायरीची_गौरी:
डॉक्टर, धन्यवाद. पिल्लांचं वाचून पोटात गोळा आला, ती आईबरोबर लेअर फीडच खातायत. पण वेगळं करायचं कसं, आईला बाजूला काढलं की आभाळ डोक्यावर घेतात. गोणी किती दिवस पुरते ते खरंच बघितलं नाही, नवरा आणतो. विचारते.

आणि एक सांगायचं राहिलं, एक पिल्लू कालपासून पंख गाळून कोपऱ्यात बसतंय. म्हणून त्याला बी-कॉम्प्लेक्सचे थेंब जास्त देतेय.

पिरंगुटचा_डॉक्टर:
त्याच्या शिटेत लाल किंवा चॉकलेटी दिसतंय का ते आत्ता बघा. तीन ते सहा आठवडे हे रक्ती हगवणीचं नेमकं वय. असेल तर उद्यावर टाकू नका, शीट एका डबीत घेऊन जवळच्या दवाखान्यात दाखवा. साधारणपणे ॲम्प्रोलियम देतात पाण्यातून, आणि ते चालू असताना बी-कॉम्प्लेक्स बंद ठेवायचं. ॲम्प्रोलियम त्या जंतूला बी-१ मिळू देत नाही म्हणून काम करतं, तुम्ही वरून बी-१ ओतत राहिलात तर औषधाचा जोर जातो. टॉनिक म्हणजे निरुपद्रवी असं नसतं ते यासाठी.

हडपसरची_मावशी:
गौरी, पिल्लांचं वेगळं करायला मी सांगते बघ सोप्पं. बांबूचं डालगं घे, उपडं घाल आणि चारी बाजूंनी विटेचा तुकडा लाव, म्हणजे खाली चार बोटं फट राहील. आत स्टार्टरची ताटली. पिल्लं सुर्रकन आत जातात, कोंबडीची नुसती मान जाते म्हणून ताटली मधोमध ठेवायची. मी गेली नऊ वर्षं असंच करते. दोन दिवस शेवंती डालग्याभोवती फेऱ्या मारेल, मग कंटाळेल.

खुराडं_नंबर_चार:
मावशींची आयडिया भारी. दुसरा उपाय म्हणजे पिल्लं आहेत तोवर सगळ्यांनाच ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं कमी कॅल्शियमचं फीड) द्यायचं आणि मोठ्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. पिल्लं शिंपले फारसे टोचत नाहीत, ज्या कोंबडीला गरज असते ती बरोबर येऊन खाते. मी बरोबर चार वाजता वाटी ठेवतो.

उगाच_एक:
चारला? चहाबरोबर?

खुराडं_नंबर_चार:
थट्टा नको, कारण आहे त्याला. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री. शिंपल्याचे जाडसर तुकडे पेठ्यात (कलेजी-पेठ्यातला पेठा, म्हणजे कोंबडीचं दाणे दळणारं पोट) रात्रभर हळूहळू विरघळतात. पावडर सकाळी दिली तर रात्रीपर्यंत निघून जाते. म्हणून जाडसर आणि संध्याकाळी.

कोथरूडची_केतकी:
विकत शिंपले कशाला, अंड्याची टरफलंच द्या की. मी टरफलं धुऊन वाळवते, तव्यावर पाच मिनिटं भाजते आणि मिक्सरमधून काढते.

अंडं_की_आधी:
टरफलं दिली की कोंबडी स्वतःची अंडी फोडून खायला लागते. आमच्याकडे झालंय. एकीला नाद लागला की बाकीच्या शिकतात आणि मग तो नाद सुटत नाही, शेवटी तिचा रस्सा करावा लागला.

कोथरूडची_केतकी:
तुम्ही अर्धी अर्धी टरफलं तशीच टाकत असणार. रव्यासारखी बारीक केली की तिला कळत नाही ते अंडं आहे. माझ्याकडे तीन वर्षांत एकही अंडं फुटलेलं नाही.

अंडं_की_आधी:
बारीक केली तर वर नंबर चार म्हणतायत की जाडसर हवं. ठरवा बुवा काय ते.

आयटीतला_अण्णा:
मी बाणेरला रो-हाऊसमध्ये चार कोंबड्या पाळल्यात. सुरुवातीला ऑनलाइन वाळवलेल्या अळ्यांचं पाकीट मागवलं होतं, मीलवर्म. किलोचा भाव काढला तर सुरमईच्या वर गेला. बायको म्हणाली सुरमईच खाऊया. मग लक्षात आलं की आपल्या कंपोस्टच्या बादलीत फुकटच्या अळ्या आहेत, त्या चपट्या मातकट, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. प्रोटीन भरपूर आणि मीलवर्मपेक्षा कॅल्शियम कितीतरी जास्त. रोज पंधरा-वीस चिमट्याने काढतो. बादलीचं झाकण वाजलं की चौघी पळत येतात, अक्षरशः माझ्या स्लिपरवर चढतात.

शुद्ध_शाकाहारी:
ज्या बादलीमुळे मी आठवडाभर गच्चीवर गेले नाही त्या अळ्या लोक खाऊ म्हणून देतात. ज्ञानात भर पडली. जेवून आले होते.

आयटीतला_अण्णा:
ताई, त्या अळ्या कचरा फस्त करतात, चावत नाहीत, माशी झाल्यावर घरातही येत नाहीत. आणि गांडूळखत केलंत तर पालिकेच्या मिळकत करात ५ टक्के सूट आहे, सोलर किंवा पावसाचं पाणी साठवणं जोडीला असेल तर १० टक्के.

धायरीची_गौरी:
कराचा विषय नको, आम्ही २०१७ ला पालिकेत आलो, अजून सावरतोय.

पिरंगुटचा_डॉक्टर:
कंपोस्टातल्या अळ्या चालतील. पण मेलेल्या उंदरावर, पक्ष्यावर पडलेल्या अळ्या कोंबडीच्या तोंडी लागू देऊ नका. त्यातून बॉट्युलिझम होतो, मान लुळी पडते, आणि लोकांना वाटतं मानमोडी (राणीखेत रोग) आली.

हडपसरची_मावशी:
अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) कुणी करत नाही का? ताडपत्रीचा हौद, चार बोटं पाणी, थोडं शेण, थोडी माती, पंधरा दिवसांत हिरवंगार. धुऊन द्यायचं नाहीतर शेणाचा वास राहतो. माझ्या कोंबड्या आधी आठ दिवस त्याच्याकडे ढुंकून बघेनात, फीडमध्ये कालवून दिलं तेव्हा लागली चव.

बाल्कनीतला_शेतकरी:
मावशी, आमच्याकडे अझोल्याच्या टबात डासांची शाळा भरली होती. गप्पी मासे सोडा म्हणतात, सोडले, मांजराने खाल्ले. शिवाय अझोल्यात २०-२५ टक्के प्रोटीन हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते वाळवून केलेल्या वजनावर. ताज्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच. टोपलंभर घातलं तर प्रोटीन पसाभर. चांगलं आहे, पण फीडची गोणी वाचते वगैरे विसरा.

कोथरूडची_केतकी:
हिरवं द्यायचंय तर शेवग्याचा पाला द्या, त्यात कॅल्शियम पण आहे. मेथीचे, कोथिंबिरीचे देठ. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलिक ॲसिड कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणजे आधीच कवच पातळ आणि वरून पालक. आणि लांबच लांब गवताच्या काड्या नकोत, गळ्याखालच्या पिशवीत गुंता होतो, सकाळी हात लावला तर चेंडूसारखी टणक. विळीवर चिरून द्या.

सदाशिव_पेठी:
धागाकर्तीने विचारलं काय आणि चाललंय काय. तरीही माझी भर: दसऱ्यानंतर घराघरांतून झेंडूच्या माळा कचऱ्यात जातात. माझे एक स्नेही त्या गोळा करून, पाकळ्या वाळवून कोंबड्यांना घालतात आणि बलक असा केशरी येतो की पाहुण्यांना वाटतं हळद घातलीय.

अंडं_की_आधी:
खरंय, मोठ्या पोल्ट्रीवाले सुद्धा झेंडूचा अर्क फीडमध्ये घालतात बलकाच्या रंगासाठी. पिवळ्या मक्याने पण येतो. पण केशरी बलक म्हणजे जास्त पौष्टिक असं काही नाही हां, तो रंग आहे फक्त. दुकानातल्या गावरान म्हणून विकल्या जाणाऱ्या अंड्यांना लोक याच रंगावर फसतात. आणि बाजारातल्या झेंडूवर फवारणी असते, स्नेह्यांना सांगा कुंडीतला वापरा.

उगाच_एक:
कडकनाथचा बलक काळा असतो का हो?

अंडं_की_आधी:
नाही. आणि अंडंही काळं नसतं, फिकट बदामी असतं. काळी ती कोंबडी, कातडीपासून हाडापर्यंत.

शुद्ध_शाकाहारी:
एक बाळबोध शंका. मिसळीची तर्री उरली तर चालते का? शेजारी घालताना पाहिलंय. बिचारीला तिखट नाही का लागत?

पिरंगुटचा_डॉक्टर:
तिखट लागत नाही, पक्ष्यांना मिरचीतलं कॅप्सेसिन जाणवतच नाही, म्हणून तर पोपट मिरच्या खातो. त्रास तेलाचा आणि मिठाचा. फरसाण, शेव, वेफर्स, लोणच्याचा खार, हे बंदच. मीठ जास्त झालं की पाणी पीत सुटतात, पातळ शीट आणि पिल्लू असेल तर जिवावर बेततं. बाकी न द्यायच्या गोष्टी पटकन सांगतो: कच्चा राजमा, बटाट्याची हिरवी सालं, चॉकलेट, ॲव्होकाडो. आणि बुरशी आलेलं काहीही. ओल लागलेली शेंगदाणा पेंड, वास येणारी कणी, बुरशीचा पाव. बुरशीतलं विष, अफ्लाटॉक्सिन, लिव्हर खातं. तिथे लिव्हर टॉनिक काही करत नाही.

मुळशीचा_मामा:
तर्रीचं ऐकून कोल्हापूरची कोंबडी असणार असं वाटलं. दिवे घ्या.

बाल्कनीतला_शेतकरी:
लसूण, हळद, व्हिनेगर यावर डॉक्टरांचं काय म्हणणं? मी पाण्यात लसूण ठेचून टाकतो आठवड्यातून एकदा.

पिरंगुटचा_डॉक्टर:
टाका, तुमच्या समाधानासाठी. लसीऐवजी नको एवढंच. मानमोडीची लासोटा पिल्लांना ५ ते ७ दिवसांच्या दरम्यान द्यायचीच, डोळ्यात किंवा नाकात थेंब. लसूण खाणाऱ्या कोंबड्या मानमोडीत रांगेने मेलेल्या मी पाहिल्यात. व्हिनेगर घालायचंच तर पत्र्याच्या भांड्यात नको, जस्त सुटतं.

हडपसरची_मावशी:
पिल्लं आणली की पहिल्या दिवशी गुळाचं पाणी मात्र मी देतेच. प्रवासाने थकलेली असतात, चोच एकदा बुडवून दाखवायची, एक पिलं प्यायलं की सगळी पितात. पहिला आठवडा बल्बखाली ३५ डिग्री ऊब. पुढे दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी. थंडीने एकावर एक चढून चेंगरली तर कसला खाऊ न् कसलं टॉनिक.

सदाशिव_पेठी:
२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता तेव्हा आमच्या वाड्यातल्या एकाने गच्चीवरच्या चार कोंबड्या रातोरात मेहुण्याकडे पोचवल्या आणि त्या मेहुण्याने त्या खाल्ल्या. काय संबंध म्हणाल तर काही नाही, आठवलं.

वारजेकर_वसंत:
सगळे खाण्याबद्दल बोलतायत, हवामानाबद्दल कुणी नाही. एप्रिल चालू आहे, पुणे चाळिशीला टेकलंय. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवच ज्या कार्बोनेटचं बनतं तेच रक्तात कमी पडतं. त्यात उकाड्याने खाणंही घटतं. माझ्याकडे दर वर्षी गुढीपाडवा झाला की कवचं पातळ आणि पाऊस पडला की आपोआप नीट. फीड सकाळी सहाला आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्या, दुपारी खुराड्यावर ओलं गोणपाट, पाण्यात बर्फाचे चार खडे. कलिंगडाची साल द्या, ते मला वाटतं उन्हाळ्यातलं एकमेव खरं उपयोगी खाद्य, पाणीच असतं त्यात. दूध नको, पचत नाही, ताक दोन-चार चमचे चालतं.

धायरीची_गौरी:
पिल्लाच्या शिटेत लाल होतं. लगेच नेलं, डॉक्टर म्हणाले तशीच रक्ती हगवण, औषध पाचही जणांना चालू केलंय, बी-कॉम्प्लेक्स बंद, खालचा भुसा सगळा बदलला. मावशी, डालगं आणलं मंडईतून, शेवंती खरंच फेऱ्या मारतेय.

नवऱ्याला विचारलं. गोणी पूर्वीपेक्षा बारा-तेरा दिवस जास्त पुरतेय. तो म्हणाला मला वाटलं महागाई बघून कमी खातायत.

मोजून सांगते. तोवर धन्यवाद.

उगाच_एक:
नवरोबांना दंडवत.

(अकरा दिवसांनी)

धायरीची_गौरी:
धागा वर काढतेय, रिपोर्ट द्यायचा होता.

मी असं केलं की मागच्या दारात झाकणाचा एक स्टीलचा डबा ठेवला आणि घरात जाहीर केलं, कोंबड्यांना काय घालायचंय ते ह्या डब्यात घाला, मी संध्याकाळी एकदम देईन. कुणाला कारण सांगितलं नाही. संध्याकाळी डबा किचनच्या वजनकाट्यावर रिकामा केला.

भाकरीचे तुकडे १३० ग्रॅम, हे सासूबाईंचे, माहीत होतं. भात ९०. मग निघाले ४० ग्रॅम खारे शेंगदाणे, ते सासऱ्यांचे, ते रोज संध्याकाळी फिरून आले की खिशातले टाकतात, दीड वर्षं चालू आहे, मला पत्ता नाही. २० ग्रॅम क्रीमची बिस्किटं, मुलगा, शाळेच्या डब्यातली, म्हणजे डबा संपवला असं मला जे सांगितलं जातं ते. आणि ६० ग्रॅम साबुदाण्याची खिचडी. आमच्याकडे त्या दिवशी कुणाचाच उपास नव्हता. तर ती शेजारच्या काकूंची, कुंपणावरून देतात, संकष्टीला त्यांच्याकडे उरते, आणि इतर दिवशी म्हणे पोळी. डबा बघून त्यांनी आपण होऊन त्यात घातली.

बेरीज ३४० ग्रॅम. सहा कोंबड्यांना मिळून ६०० च्या आसपास खाणं लागतं, त्यातलं निम्म्याहून जास्त हेच. हिशोबाने ६० ग्रॅम पाहिजे होतं.

सदाशिव_पेठी:
भात आणि खिचडीत पाणी धरलेलं असतं, फीड कोरडं असतं. तुलना कोरड्या वजनावर करायला हवी. त्या हिशोबाने निम्म्याहून जास्त हे विधान चुकीचं आहे.

धायरीची_गौरी:
बरं.

पिरंगुटचा_डॉक्टर:
मुद्दा बरोबर आहे त्यांचा, पण कोरड्या हिशोबानेही ते दहा टक्क्यांच्या बरंच वर आहे. खारे शेंगदाणे तेवढे आधी थांबवा.

हडपसरची_मावशी:
सासूबाई काय म्हणाल्या?

धायरीची_गौरी:
मावशी, आधी दोन दिवस रुसल्या. मुक्या जिवाला मोजून घालायचं का म्हणे. मग मी डॉक्टरांचा चार ग्रॅमचा हिशोब मराठीत कागदावर लिहून दाखवला आणि ते पिशवीचं अंडं फ्रीजमध्ये ठेवलं होतं ते हातात दिलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच शिंपल्याची वाटी घेऊन चारला मागे बसल्या, आता ते त्यांचंच काम आहे, कुणाला हात लावू देत नाहीत. खाऊ दिवसाला एक मूठ, आणि ती मूठ कुणाची यावर फ्रीजवर वार लावलेत. सोमवार सासरे (शेंगदाणे धुऊन, दहाच), बुधवार मुलगा, संकष्टी काकूंनी आधीच अडवून ठेवलीय. वारजेकर, गोणपाट पण लावलं.

पिल्लू वाचलं. पाचही आता स्टार्टरवर आहेत, डालग्याखाली रोज सकाळी एकमेकांना तुडवत शिरतात. शेवंतीची कवचं अजून जरा खरबरीत येतायत, ती सगळ्यात म्हातारी आहे. पण आज सकाळी मस्तानीचं अंडं कढईच्या काठावर दोनदा आपटावं लागलं.

मुळशीचा_मामा:
आजीला कळवतो. वर.

उगाच_एक:
ऑम्लेट की बुर्जी?

धायरीची_गौरी:
बुर्जी. आणि लिव्हर टॉनिकची बाटली कुणाला हवी असेल तर सांगा, सील फोडलेलं नाही, धायरी फाट्यावर आणून देईन.